फुकटचे औषध आणि दानाचा धर्म

एखादे औषध दुसऱ्या कुणी बनवू नये म्हणून कायद्याचे दार ठोठावायचे आणि तेच औषध गरजूंना फुकट वाटायचे, या वाटण्याला दान म्हणायचे का? प्रश्न पुस्तकी वाटतो, पण भारतात तो सात वर्षे न्यायालयांत घुटमळत होता. तिथे त्याची भाषा पेटंटची होती, स्फटिकांची होती, पेटंट कायद्यातल्या कलम ३(ड)ची होती. दानाचे नाव घ्यायला तिथे कुणाला सवड नव्हती, आणि न्यायालयाचे ते कामही नव्हे. खटला होता नोव्हार्टिसचा. सिबा-गायगी आणि सॅन्डोझ या दोन जुन्या स्विस कंपन्या १९९६ मध्ये एकत्र आल्या, त्यातून बाझेल शहरात मुख्यालय असलेली ही बहुराष्ट्रीय कंपनी उभी राहिली. तिचे ग्लिव्हेक हे औषध २००१च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झाले. त्यातले मूळ द्रव्य इमॅटिनिब. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात रोग्याच्या हाती त्याआधी काही वर्षेच उरत. अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा एक मार्ग होता, पण तो थोड्यांनाच लाभणारा आणि जोखमीचा. आता रोज गोळी घ्यायची आणि कामावर जायचे, इतका फरक पडला. भारतात या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळे. आणि स्वतः नोव्हार्टिस हजारो भारतीय रोग्यांना ते फुकट देत होती. कंपनीच्या सांगण्यानुसार भारतात ग्लिव्हेक घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांना, म्हणजे सुमारे १६ हजार जणांना, ते विनामूल्य मिळत होते.

हा आकडा साधा नाही. एवढ्या लोकांना रोजची गोळी पुरवणे म्हणजे एवढ्यांचे प्राण राखणे. कंपनीच्या बाजूने बोलणारे विचारत, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता, की जवळजवळ सगळ्यांना फुकट मिळत असताना पेटंटला विरोध कसला? पैसे ज्यांना परवडतात किंवा ज्यांच्या विम्यातून जातात, त्यांच्याकडूनच घेतले जातात. गरिबाला तर मोफत मिळते. मग तंटा उरतो कुठे? याला उत्तर देताना बरेच जण कंपनीच्या हेतूवर घसरतात. हे सगळे प्रतिमेसाठी आहे, करसवलतीसाठी आहे, बाजार काबीज करण्यासाठी आहे, असे म्हणतात. मला तो रस्ता चुकीचा वाटतो, आणि तसा वाटण्याचे कारण आपल्याच परंपरेत सापडते.

दानाचा विचार आपल्याकडे बारकाईने झाला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा न धरता, देणे हे कर्तव्य आहे म्हणून, योग्य देश-काळ-पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेले राजस. अवमान करून दिलेले तामस. राजस दान समजावताना ज्ञानेश्वरांनी दुभत्यावर नजर ठेवून गाईला चारा घालणाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. जैन परंपरेत आहार, शास्त्र आणि अभय यांच्या जोडीला औषधाचे दान स्वतंत्रपणे मोजले जाते; औषध ही इतर वस्तूंसारखी वस्तू नाही, ही जाण त्यात आहे. चरकसंहितेने तर पोटासाठी चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्या वैद्याला सोने सोडून धुळीच्या मागे लागलेला माणूस ठरवले आहे. पण या साऱ्या कसोट्या देणाऱ्याच्या मनाच्या आहेत किंवा घेणाऱ्याच्या पात्रतेच्या. कंपनीला मन कुठून आणायचे? तिला संचालक असतात, भागधारक असतात, जनसंपर्काचा विभाग असतो. त्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याला रोग्यांची खरोखर कणव असेल आणि शेजारच्या खोलीतला माणूस बाजारातला हिस्सा मोजत असेल. दोघे मिळून जे करतात ते सात्त्विक की राजस, हे ठरवता येणार नाही. हेतूवर वाद घालणाऱ्याला म्हणूनच शेवटी काही हाती लागत नाही.

या कसोट्यांच्या आधी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: दिलेली वस्तू देणाऱ्याची आहे. ती कुणी स्पष्ट सांगत बसत नाही, कारण ती उघडच आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याला आपण दान म्हणत नाही, हसतो. मग नोव्हार्टिसने वाटलेल्या गोळ्या कुणाच्या? कंपनीच्याच. तिच्या कारखान्यात, तिच्या पैशाने बनलेल्या. इथपर्यंत तिचे देणे निर्मळ आहे. पण रोग्याला ती गोळी मागावी का लागली, हे पाहिले की चित्र बदलते. पेटंट म्हणजे वस्तूची मालकी नव्हे. आपल्या गोळ्या बनवून विकायला कुणालाही पेटंट लागत नाही. दुसऱ्याने त्या बनवू नयेत, यासाठी ते लागते. तो अधिकार निसर्गाने दिलेला नाही आणि कंपनीने कमावलेलाही नाही. तो समाज आपल्या सरकारमार्फत काही वर्षांसाठी देतो, आणि बदल्यात नवे ज्ञान मागतो. एका हाताने हा अधिकार मागायचा, म्हणजे आठ हजारांची गोळी बाजारातून उठवायची, आणि दुसऱ्या हाताने त्यामुळे निराधार होणाऱ्याला फुकट गोळी द्यायची. गोळी कंपनीची खरी, पण ती ज्या टंचाईवर उतारा म्हणून येते, ती टंचाई कंपनी आपल्याकडून मागून घेत असते.

हे नुसते तर्काने रचलेले नाही, थोडा काळ तसे घडलेही. जागतिक व्यापार कराराच्या अटींनुसार भारताने २००५ मध्ये औषधांना पुन्हा पेटंट द्यायला सुरुवात केली. १९७०च्या कायद्याने औषधाच्या केवळ प्रक्रियेला पेटंट होते, द्रव्याला नव्हते. त्या पस्तीस वर्षांत भारतीय औषध उद्योग उभा राहिला. पेटंट पुन्हा सुरू होईपर्यंतच्या मधल्या काळासाठी विक्रीचा एकाधिकार देण्याची तरतूद होती, आणि तो २००३च्या अखेरीस ग्लिव्हेकला मिळाला. लगेच भारतीय कंपन्यांविरुद्ध दावे लागले. मद्रास उच्च न्यायालयाने काहींना मनाई केली, मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. ज्यांचे स्वस्त औषध बंद व्हायचे त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, लाखाची किंवा अर्जाची. भीक नको पण कुत्रं आवर, असे म्हणण्याची पाळी ती हीच. पुढे चेन्नईच्या पेटंट कार्यालयात कंपनीच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत भारतीय औषध कंपन्या होत्या, त्यांना धंद्याचे कारण होते. पण त्यांच्याबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. तिला विकायला काही नव्हते. ज्या वर्गाला कंपनी फुकट देत होती, त्याच वर्गासाठी काम करणारी संस्था विरोधात उभी राहते, याकडे त्या काळातल्या वर्तमानपत्रांनी जेवढे पाहायला हवे होते तेवढे पाहिले नाही.

फुकट मिळवण्याची पद्धत कशी होती, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. रोग्याला थेट काही मागता येत नसे. कार्यक्रमात नोंद असलेल्या डॉक्टरने नाव पाठवायचे, या रोगाची खूण असलेले फिलाडेल्फिया गुणसूत्र सापडल्याचा चाचणी-अहवाल जोडायचा, विमा नाही आणि खर्च झेपत नाही हे दाखवायचे. मंजुरी मिळाली की गोळ्या, आणि ठरावीक काळाने पुन्हा पडताळणी. यात गैर काहीच नाही. कुणालाही फुकट वाटायचे असेल तर एवढी शहानिशा तो करणारच. पण हा आजार आठवड्याच्या तापासारखा नाही. औषध बहुतेकांना जन्मभर घ्यावे लागते. अन्नछत्रात एक दिवस जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी मोकळा असतो. इथे माणसाचा प्रत्येक पुढचा महिना कुणाच्या तरी चालू राहिलेल्या मर्जीवर अवलंबून. ती मर्जी कधी मोडली नाही असे मानले, तरी ती मर्जीच. दावा करता येत नाही, मागता येते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर गेले तेव्हा तंटा नुसत्या पाण्याचा नव्हता. तहान दुसऱ्याने वरून ओंजळीत ओतलेल्या पाण्यानेही भागते. सार्वजनिक तळ्यातून आपल्या हाताने पाणी घेण्याचा अधिकार, हा तो लढा होता. जातीच्या अपमानाशी पेटंटची बरोबरी करायची नाही, ती करणे उथळपणाचे होईल. पण मिळणे आणि हक्काने मिळणे यांतला फरक किती मोठा असतो, हे महाराष्ट्रात निराळे समजावून सांगावे लागू नये.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की पेटंट नसेल तर औषधच जन्माला येणार नाही. मग हक्क कशावर सांगणार? संशोधनाला पैसा लागतो, बहुतेक प्रयत्न फसतात, आणि यशस्वी औषधाने अपयशांचाही खर्च भरून काढायचा असतो. हे खरे आहे. इमॅटिनिब ही खरोखर मोठी झेप होती. नोव्हार्टिसच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यासाठी वर्षे घातली. पण त्यांच्या पायाखाली बरेच काही आधीच रचलेले होते. या रोगातले विचित्र गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात दोन संशोधकांना दिसले. ते दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनते, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. कंपनीने बनवलेल्या रेणूंतला कोणता या रोगावर चालेल हे ताडून त्याच्या मागे लागणारे ब्रायन ड्रुकर ओरेगॉनच्या एका विद्यापीठातले डॉक्टर होते. यातले बरेचसे काम सार्वजनिक पैशावर आणि उघडपणे छापलेल्या ज्ञानावर चालले. म्हणजे औषधाच्या बापाचे नाव लिहायचे झाले तर एका ओळीत मावणार नाही. त्यात कंपनीचा वाटा मोठा आहे, एकटीचा नाही.

आणि किंमत खर्चावर ठरते, या गृहीताचे काय? अमेरिकेत २००१ मध्ये ग्लिव्हेकचा वर्षाचा खर्च सुमारे ३० हजार डॉलर होता. २०१२ मध्ये तो सुमारे ९२ हजार डॉलर झाला. औषध तेच, गोळी तीच, संशोधनाचा खर्च अकरा वर्षांपूर्वीचा. वाढली ती फक्त किंमत. २०१३ मध्ये या रोगाच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात एकत्र लेख लिहून अशा किमतींवर टीका केली, आणि त्यांत ड्रुकरही होते. त्या सुमारास या एका औषधाची जगभरची वार्षिक विक्री साडेचार अब्ज डॉलरच्या पुढे होती. तेव्हा लाखाची किंमत संशोधनासाठी भागच होती, असे म्हणणाऱ्याने आधी ९२ हजार डॉलरचा हिशेब द्यावा. किंमत ठरते ती माणूस जगण्यासाठी काय मोजायला तयार होईल यावर, आणि जगण्यासाठी माणूस सगळेच मोजतो. म्हणूनच औषधाचा बाजार हा चपलांच्या बाजारासारखा नसतो.

शिवाय भारताने पेटंट नाकारले ते कशाला, हेही नीट पाहिले पाहिजे. मूळ रेणूचे पेटंट १९९३चे. भारतात औषधाला पेटंट नसण्याचा तो काळ. ते इथे मिळणारच नव्हते. कंपनीने १९९८ मध्ये अर्ज केला तो इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकासाठी. त्यामुळे औषध शरीरात तीस टक्के जास्त शोषले जाते, असा दावा होता. २००५च्या दुरुस्तीने आलेले कलम ३(ड) सांगते, की माहीत असलेल्या द्रव्याचे नवे रूप गुणकारकतेत भर घालत नसेल तर ते नवा शोध नव्हे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने निकाल दिला: औषधाची गुणकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता, आणि जास्त शोषले गेल्याने रोगावर जास्त गुण येतो हे दाखवलेले नाही. निकालाने पेटंट मोडीत काढले नाही. खरोखर नवे असेल त्याला आजही वीस वर्षे मिळतात. कंपनीची एक तक्रार मला समजते: जगाने ज्या शोधाला डोक्यावर घेतले, त्याला भारतात केवळ तारखेच्या कारणाने काहीच मिळाले नाही. पण बक्षीस चुकले म्हणून ते दुसऱ्या वस्तूच्या नावावर काढून घेण्याचा मार्ग न्याय्य होत नाही.

दुसरा आक्षेप या सगळ्या चर्चेलाच आहे. मरणाऱ्याला गोळी मिळाली, तो जगला. ती दान होती की हक्क, याचा काथ्याकूट सुखवस्तू लोकांनी करावा. आणि त्याला जोडून कडवट सत्य असे, की आठ हजारांची गोळीसुद्धा भारतातल्या बहुसंख्यांना परवडत नव्हती. महिना पाच हजारांत घर चालवणाऱ्याला आठ हजार आणि लाख सारखेच दूर. त्याला वाचवले ते स्वस्त औषध बनवणाऱ्यांनी नव्हे, फुकट देणाऱ्या नोव्हार्टिसने. हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, आणि त्याचा अर्धा भाग निमूट मान्य करतो. ज्यांना फुकट मिळाले त्यांच्यासाठी ती कंपनी उपकारकर्तीच आहे, आणि खटला हरल्यानंतरही कार्यक्रम चालू ठेवण्याची ग्वाही तिने दिली, हेही नोंदवले पाहिजे. उरलेला अर्धा भाग मात्र टिकत नाही. लाखाची गोळी घ्यायची झाली तर सरकारी रुग्णालय, धर्मादाय संस्था किंवा गावाची वर्गणी एका रोग्याचा भार उचलू शकते. आठ हजारांची असेल तर त्याच पैशात पंधरा जणांचा. कमी किंमत गरिबाच्या खिशात पोचत नसेल, पण ती समाजाच्या आवाक्यात येते, आणि आवाक्यात आलेल्या गोष्टीचीच मागणी सरकारकडे करता येते. फुकटच्या कार्यक्रमाने सरकारची मात्र सोय होते. कंपनी देते आहे ना, मग आपण कशाला? भारतीय शासनाने आरोग्यावर हात आखडता घेतला, त्या पापाचा वाटेकरी कंपनीला करण्याचे कारण नाही. पण दोघांचे एकमेकांना बरे जमले, एवढे म्हणावे लागते.

सगळेच मोफत औषध एका मापाने मोजायचे नाही. मर्क या अमेरिकी कंपनीकडे आयव्हरमेक्टिन हे जनावरांसाठी भरपूर खपणारे औषध होते. आफ्रिकेत नदीकाठच्या काळ्या माशीमुळे पसरणाऱ्या अंधत्वावर ते चालते, हे लक्षात आल्यावर कंपनीने ते विकत घेणारे शोधले. कुणी पुढे आले नाही. १९८७ मध्ये तिने जाहीर केले, की लागेल तितके आणि लागेल तोवर ते फुकट देऊ. तो शब्द आजवर पाळला गेला आहे. ज्यांना दिले ते कधी गिऱ्हाईक होणारच नव्हते, आणि त्यांच्यापर्यंत पोचू पाहणाऱ्या दुसऱ्या स्वस्त उत्पादकाला रोखून ते दिलेले नव्हते. मुदत नसल्यामुळे वर्षागणिक मर्जीचाही प्रश्न उरला नाही. गीतेची कसोटी लावायचीच तर ती इथे बरीचशी उतरते. याउलट एड्सचे उदाहरण. जुलै २००० मध्ये जर्मनीच्या बोरिंगर इंगलहाइमने आईकडून बाळाला होणारी लागण टाळणारे नेविरॅपिन गरीब देशांना पाच वर्षे मोफत देऊ केले. त्याच सुमारास ३९ औषध कंपन्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला स्वस्त औषधे आणू देणाऱ्या कायद्याविरुद्ध न्यायालयात खेचत होत्या. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. तोवर तो दहा हजार डॉलरच्या वर होता. दोन महिन्यांत त्या ३९ कंपन्यांनी दावा मागे घेतला. कोट्यवधी लोकांपर्यंत उपचार पोचण्याचा रस्ता मोफत देण्याने उघडला नाही, किंमत कोसळण्याने उघडला.

तिसरा आक्षेप इथेच येतो: स्वस्त औषधे बनवणाऱ्या सिप्ला किंवा नॅट्को म्हणजे काय संत? तेही नफाच कमावतात, आणि संशोधनाचा भार न उचलता. अगदी बरोबर. स्वस्त म्हणजे पवित्र नव्हे. रॅनबॅक्सीने २०१३ मध्ये अमेरिकेत निकृष्ट औषधांच्या प्रकरणी गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले, ही भारतीय उद्योगाच्या कपाळावरची ठळक खूण आहे. गुणवत्तेवर करडी नजर नसेल तर स्वस्त गोळी हे वेगळेच संकट. पण या आक्षेपाने माझा मुद्दा पक्का होतो. दहा व्यापारी एकच औषध विकत असतील तर रोग्याला त्यांच्यातल्या कुणाच्याही चांगुलपणाची गरज पडत नाही. एक नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जाता येते. देणारा एकटाच असेल तर मात्र सगळे त्याच्या चांगुलपणावर, आणि मग आपण त्या चांगुलपणाचे गोडवे गाऊ लागतो. संतांची गरज पडू नये अशी व्यवस्था, संत मिळाल्याच्या समाधानापेक्षा बरी.

मग मालमत्तेच्या हक्काचे काय, असे कुणी विचारील. त्या हक्काचा पाश्चात्त्य जगातला मोठा तत्त्वज्ञ जॉन लॉक. माणसाने आपले श्रम मिसळले की वस्तू त्याची होते, हा विचार त्याचाच. पण त्याच लॉकने असेही मांडले, की ज्याला जगण्याचा दुसरा मार्ग नाही त्याचा दुसऱ्याच्या अतिरिक्त साठ्यावर हक्क असतो, आणि गरजवंताची अडचण पाहून त्याला आपला ताबेदार करून घेणे हा अन्याय आहे. आपल्याकडे हा धागा विनोबांनी अधिक पुढे नेला. १९५१च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान सुरू झाले तेव्हा त्यांनी भिक्षा मागितली नाही. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, ही त्यांची मागणी. दान म्हणजे यथाशक्ती वाटून घेणे, या शंकराचार्यांच्या भाष्यातल्या विचाराचा आधार ते देत. वाटा मागणारा याचक नसतो. भूदानाचा पुढचा इतिहासही शिकवणारा आहे. मिळालेल्या जमिनीतली बरीच खडकाळ किंवा वादातली निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही. विनोबांसारख्या माणसाने मागूनही, काय द्यायचे हे देणाऱ्याच्याच हाती राहिले की असे होते. वाट्याच्या मागे कायदा लागतो, आणि कलम ३(ड) हा औषधाच्या बाबतीत तसा एक छोटासा, कोरडा कायदा आहे. त्यात करुणेचा शब्दही नाही.

नोव्हार्टिसच्याच दुसऱ्या एका औषधाने हा प्रश्न पुढे टोकाला नेला. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आजारात बाळाचे स्नायू झिजत जातात. त्यावर एकदाच द्यायचे झोल्गेन्स्मा हे जनुकीय औषध अमेरिकेत २०१९ मध्ये सुमारे २१ लाख डॉलरला आले. २०२० मध्ये कंपनीने, जिथे ते मंजूर नाही अशा देशांतल्या दोन वर्षांखालच्या बाळांसाठी वर्षाला १०० मात्रांपर्यंत फुकट देणे सुरू केले. कुणाला द्यायच्या, तर दर पंधरवड्याला सोडत काढायची. उत्पादन मर्यादित आहे म्हणून हा मार्ग, असे कंपनीचे म्हणणे. टंचाई खरी असेल तर सोडत अन्यायाची नाही. वशिला आणि पैसा यांपेक्षा चिठ्ठी बरी. पण उत्पादन मर्यादित असणे वेगळे आणि किंमत २१ लाख डॉलर असणे वेगळे, आणि सोडतीत ही दोन्ही एकत्र झाकली जातात. महाराष्ट्रातल्या वाचकांना २०२१ मधल्या १६ कोटींच्या लोकवर्गण्या आठवत असतील. आईबापांनी समाजमाध्यमांवर बाळाचे फोटो टाकून पैसे गोळा करायचे, सीमाशुल्क माफ व्हावे म्हणून सरकारला पत्रे जायची. त्या वर्गणीत शंभर रुपये घालणाऱ्याचे दान अस्सल होते. कारण औषध महाग असण्यात त्याचा काही हात नव्हता.

याच आजारावर रोश या दुसऱ्या स्विस कंपनीचे रिस्डिप्लाम हे रोज घ्यायचे औषध आहे. भारतात त्याच्या एका बाटलीची किंमत सहा लाखांच्या घरात होती. हैदराबादच्या नॅट्कोला ते बनवण्यापासून रोखण्याची रोशची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळली, ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय राखला. नॅट्कोने आपल्या बाटलीची किंमत १५,९०० रुपये ठेवली.